माहिती खरी, मथळा मुका

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की उसाच्या पट्ट्यात हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात. अंधारताना ते बांधावरच्या कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर जमतात आणि पाला खातात. फांद्या हलवून त्यांना खाली पाडायचे आणि रॉकेल टाकलेल्या पाण्यात मारायचे, हा हुमणीवरचा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. तो करायला मोजक्याच संध्याकाळी मिळतात. मादीने मातीत अंडी घातली की पुढे पावसाळाभर अळी मुळे कुरतडत राहते, आणि पिवळा पडलेला ऊस हाताने उपटून येऊ लागतो तेव्हा औषधावर कितीही खर्च केला तरी गेलेले पीक परत येत नाही. राहुरी, नेवासे, श्रीरामपूर, कोपरगाव या भागातला नव्याने ऊस लावणारा तरुण अशा वेळी मोबाइलवर विचारतो, 'ऊस हुमणी औषध'. त्याला हवी ती माहिती मराठीत लिहिली गेलेली आहे, आणि ती अभ्यासकांनी लिहिलेली आहे. पण तिचा मथळा बहुतेक वेळा 'ऊस पिकावरील किडींचे एकात्मिक व्यवस्थापन' अशा धाटणीचा असतो. त्यात हुमणी नाही, भुंगेरा नाही, वळवाचा पाऊस नाही. उलट 'हुमणीचा ७ दिवसांत नायनाट, हे एकच औषध वापरा' असे ओरडणारे एखादे पान, ज्यात बाटलीच्या जाहिरातीपलीकडे काही नाही, त्याचा प्रश्न अचूक ओळखून पुढे उभे असते.

मराठी इंटरनेटचे हे जुने दुखणे आहे. ज्यांच्याकडे खरी माहिती आहे त्यांचे मथळे मुके आहेत, आणि ज्यांच्याकडे सांगण्यासारखे काही नाही त्यांनी मथळ्याची विद्या पुरती आत्मसात केली आहे. शोधात सापडेल असा मथळा आणि त्याखालचे दोन ओळींचे वर्णन लिहिणे हे जाहिरातबाजांचे काम आहे, असे समजून शहाण्या माणसांनी ते सोडून दिले. त्याची किंमत मात्र वाचक मोजतो. म्हणून हे काम विद्यापीठे, बाजार समित्या, पंचायत समित्या, महाविद्यालये, ग्रंथालये आणि गंभीरपणे लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपल्या लेखनाचाच भाग मानले पाहिजे.

या कामाभोवती बरेच गूढ उभे केले गेले आहे, ते आधी दूर करायला हवे. पानाच्या पोटात वाचकाला न दिसणारे शेकडो शब्द कोंबून ठेवले की पान वर येते, अशी समजूत आजही विकली जाते. गूगलने २००९ मध्येच जाहीर केले होते, की क्रमवारी ठरवताना त्या छुप्या शब्दांच्या यादीचा आपण वापर करत नाही. पानाच्या वर्णनानेही क्रमवारी वाढत नाही. वर्णनाचा उपयोग वेगळा आहे. निकालांच्या यादीत मथळ्याखाली ते दिसू शकते, आणि या पानावर जायचे की पुढच्या, हे वाचक त्यावरून ठरवतो. मथळ्याचे मोल अधिक. पण तोही जसाच्या तसा दाखवला जाईल याची हमी नाही. २०२१ मध्ये गूगलने मथळे दाखवण्याची पद्धत बदलली. पानाने दिलेला मथळा सुमारे ८७ टक्के वेळा वापरला जातो, असे तेव्हा त्यांनीच सांगितले. मथळा रिकामा, फार लांब किंवा सगळ्या पानांवर एकच असेल, तर यंत्र पानातला मजकूर चाचपून स्वतः मथळा लावते. थोडक्यात, आपण आपल्या लेखाला नीट नाव दिले नाही तर ते यंत्र ठेवते. एसटीच्या पाटीवर 'पाथर्डी' आणि त्याखाली 'मार्गे करंजी, तिसगाव' लिहिलेले असते. मथळा आणि वर्णन यांच्याकडून शोधणाऱ्याची अपेक्षा याहून फार वेगळी नाही. गाडी कुठे जाते आणि आपल्या गावावरून जाते का, एवढेच त्याला चढण्यापूर्वी कळायला हवे असते.

ही पाटी खोटी लिहिणाऱ्यांचा धंदा कसा चालतो ते कांद्याच्या भावात दिसते. नेप्तीच्या उपबाजारात किंवा घोडेगावला लिलाव होतो, तेव्हा भाव एक नसतो. गावरान कांदा वेगळा, लाल वेगळा. त्यात एक नंबर, दोन नंबर अशी प्रतवारी, आणि प्रत्येक प्रतीचा किमान व कमाल दर. गाडी आज भरायची की चार दिवस थांबायचे, हा शेतकऱ्याचा निर्णय याच तपशिलावर उभा असतो. तो 'कांदा बाजारभाव आज' असे शोधतो, तेव्हा 'कांद्याने रडवले की हसवले? आजचा भाव पाहून थक्क व्हाल' अशा छापाचे मथळे त्याच्यापुढे येतात. त्यात बाजार समितीचे नाव नसते आणि तारीखही नसते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर मथळ्याचा सुरुवातीचाच भाग मावतो, उरलेला टिंबांत जातो. ती मौल्यवान जागा 'मोठी बातमी' आणि 'आनंदाची बातमी' खाऊन टाकतात. आत गेल्यावर चार परिच्छेद पाल्हाळ, मध्ये जाहिराती, आणि शेवटी कुठल्या तरी बाजारातला, कुठल्या तरी दिवशीचा सर्वांत वरचा दर. तो दर एखाद-दुसऱ्या वक्कलालाच मिळालेला असतो. वाचकाचा वेळ गेला आणि पान चालवणाऱ्याला जाहिरातीचे पैसे मिळाले, एवढ्यावर हे थांबत नाही. त्या वरच्या दरावर भरवसा ठेवून कोणी गाडी भरली, तर भाडे, हमाली, तोलाई वजा जाता हातात काय येते, हे नगर जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकाला सांगायला नको.

सरकारी योजनांच्या बाबतीत हेच अधिक घातक आहे. २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना सुरू झाली आणि महिन्याला १,५०० रुपये थेट खात्यात येऊ लागले, तेव्हापासून हप्ता कधी जमा होणार, ई-केवायसी कशी करायची, यादीत नाव आहे का, हे प्रश्न घरोघर मोबाइलवर विचारले जातात. विचारणाऱ्यांत आयुष्यात प्रथमच काही शोधणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. 'या महिलांच्या खात्यात पैसे जमा, लगेच नाव तपासा' असा मथळा दिसला की त्या तिथेच जाणार. हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या पानावर आधार क्रमांक आणि ओटीपी मागितला, तर तो देणार. फसवणाऱ्याला मथळा लिहिता येतो म्हणूनच हे जमते. त्याला उत्तर म्हणून 'सावध राहा' अशी पत्रके काढली जातात, आणि त्या पत्रकांचा मथळा असतो 'जाहीर आवाहन'.

यंत्राने हे रोखावे, अशी अपेक्षा करता येते आणि ती काही अंशी पुरीही होते. २०२२ पासून गूगलने केवळ शोधात वर येण्यासाठी लिहिलेली निरुपयोगी पाने मागे ढकलण्याचे धोरण घेतले. मार्च २०२४ मध्ये घाऊक प्रमाणात पाने पाडणाऱ्यांविरुद्धचे नियम कडक केले. पण वाईट पान मागे गेले तर त्याच्या जागी चांगले पान यायला ते मुळात सापडण्याजोगे हवे. मराठीत नेमकी तिथेच उणीव आहे. कितीतरी संस्थांच्या पानांचा मथळा 'मुखपृष्ठ' किंवा नुसते संस्थेचे नाव असतो, शंभर पाने असली तरी तोच. परिपत्रके स्कॅन केलेली छायाचित्रे असतात, आणि त्यांच्या फाइलचे नाव स्कॅनरने दिलेला आकडा असतो. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या दस्तऐवजांची गत आणखी वाईट. ते डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी असते. त्यात 'पाणलोट' हा शब्द पन्नास वेळा आला असला तरी शोधणाऱ्याला तो एकदाही सापडत नाही. हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी यांनी पाण्याच्या कामात जे करून दाखवले ते शिकायला देशभरातून माणसे येतात. अशा गावांच्या जिल्ह्यात एखाद्या गावाने आपला पाण्याचा ताळेबंद 'प्रपत्र ब' या नावाने ठेवला, तर शेजारच्या तालुक्यातल्या ग्रामसेवकालाही तो मिळणार नाही.

मथळ्यात गावाचे नाव लिहिण्याची गरज नगर जिल्ह्याइतकी फार थोड्या जिल्ह्यांना असेल. कर्जत म्हटले की शोधयंत्राला आधी आठवते रायगडातले कर्जत, माथेरानजवळचे, मुंबईकरांच्या शनिवार-रविवारचे. आपल्या कर्जतमध्ये रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे, राशीनची जगदंबा आहे, अष्टविनायकांपैकी सिद्धटेकचा सिद्धिविनायक आहे. पण मथळ्यात नुसते 'कर्जत' लिहिले तर हे सगळे फार्महाउसच्या गर्दीत हरवते. अकोल्याचे तेच. कळसूबाई, हरिश्चंद्रगड आणि भंडारदरा ज्या तालुक्यात आहेत तो अकोले, आणि विदर्भातला जिल्हा अकोला. बोलताना 'अकोल्यात' म्हटले की दोन्हींचे रूप एकच होते. माणूस संदर्भावरून फरक करतो, यंत्र चुकते. नेवासे आणि नेवासा, श्रीगोंदे आणि श्रीगोंदा, शनिशिंगणापूर आणि शनी शिंगणापूर अशी रूपे लिहिण्यात सर्रास चालतात. मराठीचे प्रत्यय शब्दाला चिकटतात ही आणखी एक अडचण आहे. 'नेवाशातील', 'नेवाशाला' अशीच रूपे लेखभर असतील तर मूळ नाव कुठेतरी एकदा सुटे, प्रत्ययाशिवाय यायला हवे, आणि त्यासाठी मथळ्यासारखी दुसरी जागा नाही.

आणि मग जिल्ह्याचेच नाव. ३१ मे २०२३ रोजी, पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या जयंतीला त्यांच्या जन्मगावी, चौंडीला नामांतराची घोषणा झाली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला, ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचना निघाली आणि २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाच्या पाटीवरही अहिल्यानगर आले. ४५ लाखांवर लोकसंख्येचा, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. त्याच्या १४ तालुक्यांबद्दल आजवर जे काही लिहिले गेले, त्यातल्या बहुतेकात अहमदनगर आहे. 'ज्ञानोदय' १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले. जवाहरलाल नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिला तो अहमदनगरच्या किल्ल्यात. जुनी गॅझेटियरे, सात-बाराचे जुने उतारे, पदव्या, न्यायनिवाडे, सगळीकडे तेच नाव. बाहेरगावी स्थिरावलेला, परदेशी गेलेला माणूस आजही तेच नाव टंकतो. आणि जिल्ह्यातला माणूस? तो नुसते 'नगर' म्हणतो, जे यंत्राच्या दृष्टीने नावच नाही, कारण प्रत्येक शहरात शंभर नगरे असतात.

काही जण म्हणतील, नाव कायद्याने बदलले, आता जुने नाव लिहिणे म्हणजे नव्याचा अवमान. या भावनेचा आदर करूनही मला हे पटत नाही. मथळ्यात अहिल्यानगर असावे, आधी असावे, ठळक असावे. वर्णनात किंवा पहिल्या परिच्छेदात 'पूर्वीचे अहमदनगर' एकदा यावे. असे केले की जुने नाव टंकणारा माणूस नव्या नावापर्यंत पोहोचतो. जुने नाव पुसून टाकले तर तो पाच वर्षांपूर्वीच्या, कोणी न सुधारलेल्या पानांवर अडकून राहतो, आणि नवे नाव त्याच्या दृष्टीस पडायला उशीर लागतो. विकिपीडियावर नाव बदललेल्या लेखाला जुन्या नावावरून पुनर्निर्देशन दिलेले असते ते याच कारणाने. जुन्या नावाच्या बाजूने भांडणाऱ्यांनाही तेच सांगायला हवे. नव्या नावाने शोधणाऱ्या पिढीला निजामशाहीचा इतिहास सापडायला हवा असेल, तर त्या लेखांच्या मथळ्यात किंवा वर्णनात अहिल्यानगर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

लोकांच्या तोंडी असलेले नाव आणि खरे नाव यांत तफावत असली तर काय करावे, याचे उत्तर अहिल्यानगर शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर उभे आहे. अष्टकोनी, तीन मजली, दूरवरून दिसणारी ती वास्तू चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाते. मुळात तो महालही नाही आणि चांदबिबीचाही नाही. मुर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर आहे. इतिहास जाणणारा माणूस लेखाला मथळा देतो 'सलाबतखान दुसरा याची कबर: एक स्थापत्यशास्त्रीय अभ्यास'. हा मथळा खरा आहे, पण ज्यांना ही गोष्ट ठाऊक नाही त्यांच्यापैकी एकालाही तो लेख सापडणार नाही, कारण ते चांदबिबीच शोधतात. प्रवासाची पाने लिहिणारा मथळा देतो 'चांदबिबी महाल: प्रेमाची अमर कहाणी'. तो सगळ्यांना सापडतो आणि सगळ्यांना चुकीचे शिकवतो. 'चांदबिबी महाल म्हणजे खरे तर सलाबतखानाची कबर' असा मथळा दिला आणि वर्णनात डोंगर, अंतर, वास्तूचा काळ सांगितला, तर शोधणारा आपल्या शब्दांनी येतो आणि खरे घेऊन जातो. हुमणीच्या पत्रकालाही हेच लागू आहे: 'उसातली हुमणी: वळवाच्या पावसानंतर भुंगेरे कसे गोळा करावेत', आणि वर्णनात जिल्हा, महिना, कडुनिंब-बाभळीचा उल्लेख, अळीसाठी मेटारायझियम कधी वापरावे याची सूचना. शास्त्रीय नावे आत हवी तितकी येऊ द्यावीत.

यावर साहित्याच्या बाजूने येणारा आक्षेप वजनदार आहे. यंत्राला आवडेल असे लिहू लागलो तर भाषा सपाट होईल, सूचक, लयदार मथळे जातील, प्रत्येक लेखाचे नाव वस्तूच्या लेबलासारखे दिसू लागेल. ललित लेख, कविता, कथा यांच्या बाबतीत मी हा आक्षेप पूर्ण मान्य करतो. तिथे मथळा कलाकृतीचाच अवयव असतो, त्याला हात लावू नये. तिथेही लेखकाला वर्णनाच्या दोन ओळी मोकळ्या असतात. मथळा हवा तसा ठेवून वर्णनात 'प्रवरेकाठच्या एका गावातल्या दुष्काळावरची कथा' एवढे सांगता येते. पण हा आक्षेप माहितीपर लेखनाला लावणे ही पळवाट आहे. 'एकात्मिक व्यवस्थापन' किंवा 'जाहीर आवाहन' यांत गमावण्यासारखे सौंदर्य कोणते? खरे तर वाचक ज्या शब्दांत विचारतो ते शब्द शोधायला बसले की भाषा कार्यालयीन मराठीतून बाहेर पडते. 'पात पिवळी पडणे', 'शेंडे वाळणे', 'पीळ पडणे' हे शेतकऱ्याचे शब्द मथळ्यात आले, तर मराठीचे भलेच होईल. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्या भाषेतले ज्ञान तिच्याच वाचकाला सापडावे, यासाठी झटणे हलके काम मानू नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. लोक मराठी शब्दही रोमन लिपीत टंकतात किंवा बोलून विचारतात, मग मराठी मथळ्याचा काय उपयोग? रोमनमधल्या शोधाला देवनागरी पाने दाखवण्याइतकी यंत्रे सुधारली आहेत, ती अचूक नसली तरी. बोलून विचारण्याची सवय वाढते आहे आणि बोललेले शब्द देवनागरीतच उतरवले जातात. बोलणारा माणूस पूर्ण वाक्य विचारतो, 'कांद्याला पीळ पडला तर काय करायचं'. त्याच्या प्रश्नाशी जुळणारा मथळा रोजच्या मराठीतलाच असणार.

आता शोधयंत्रे स्वतःच उत्तर तयार करून देऊ लागली आहेत, दुवे कोण उघडतो, असेही विचारले जाते. हा प्रश्न खोटा नाही. पुष्कळ वाचक वरचे उत्तर वाचून थांबतात, आणि छोट्या मराठी प्रकाशकांच्या उत्पन्नाला त्याने धक्का बसतो आहे. पण ते उत्तर हवेतून येत नाही, कोणाच्या तरी पानातूनच उचलले जाते. यंत्राला हुमणीबद्दल बाटली विकणाऱ्याचे पान नीट नाव दिलेले मिळाले आणि अभ्यासकाचे पान छायाचित्राच्या रूपात, नावाशिवाय मिळाले, तर ते कोणाच्या शब्दांत बोलेल? पूर्वी वाचक निदान चार दुवे पाहून तुलना करत असे. आता एकच उत्तर मिळणार असेल तर खऱ्या माहितीला खरे नाव देण्याची निकड वाढते.

यासाठी मोठा निधी लागत नाही, बाहेरची सल्लागार कंपनीही लागत नाही. पत्रक तयार करणाऱ्यानेच ते संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी मथळ्यात विषय, गाव किंवा तालुका, जिल्हा आणि गरज असेल तिथे तारीख लिहावी. वर्णनात आत काय आहे ते दोन साध्या वाक्यांत सांगावे. मजकूर युनिकोडमध्ये, अक्षरे म्हणून ठेवावा, छायाचित्र म्हणून नको. बाजार समितीत लिलावानंतर आवक आणि दर नोंदवणारा कर्मचारी हे पाच मिनिटांत करू शकतो, कारण बाजार, प्रत आणि तारीख त्याच्याइतकी कोणालाच ठाऊक नसते. ग्रंथालयांकडे जुनी नियतकालिके आहेत. मुकुंदराव पाटलांनी नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलेल्या 'दीनमित्र'सारखा अंक स्कॅन करताना त्याला वर्ष, महिना, संपादक आणि गाव यांचे नाव देणे हे त्या स्कॅनिंगइतकेच महत्त्वाचे आहे. सुरुवात ज्यांचा उपयोग ठरावीक दिवसांतच होतो त्या पानांपासून करावी: हुमणीचे पत्रक मे महिन्याच्या आत, पीक विम्याची माहिती अर्जाची मुदत सुरू होण्यापूर्वी, आणि कांद्याचा दर त्याच दुपारी.